इस्तू मागणारी पद्माक्का

सरकारी नोकरीत मी उभा जन्म लिहिण्यात घालवला. अर्ज लिहिले, पंचनामे लिहिले, साहेबांच्या सहीसाठी हजारो कागद रेघा मारून तयार केले. पण एक शब्द मी नोकरीच्या पहिल्या वर्षानंतर आजपर्यंत पुन्हा कधी कागदावर उतरवला नव्हता. तो शब्द म्हणजे ‘बेजार’. घरात कुणी सहज ‘उकाड्यानं बेजार केलं बाई’ म्हणालं, तरी मी पंचा खांद्यावर टाकून अंगणात जाऊन बसतो. बायकोला कारण माहीत आहे. सुना म्हणतात, म्हातारा तिरसट आहे. आहेच मी तिरसट! पण ह्या एका गोष्टीत माझा तिरसटपणा नाही, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून आज बेळगावातल्या अनगोळच्या ह्या घरात ओट्यावर बसून पद्माक्काबद्दल लिहायला घेतलं आहे.

ते दिवस प्लेगचे होते. पावसाळा सरला की घरांच्या आढ्यावरनं उंदीर पडायला लागायचे आणि अख्खं निपाणी गाव उठायचं. दारांना कुलपं लावायची, गठुळी बांधायची आणि माळावर जाऊन झोपड्या घालायच्या. तट्ट्याच्या भिंती, वर उसाचं पाचट. गाव साफ झाल्याचा हुकूम येईपर्यंत परत जायला बंदी. कधी दोन महिने, कधी चार. मी तेव्हा बावीस वर्षांचा, वाईकडचा, नवाकोरा कारकून. माळावर एका राहुटीत राहायचो. रोज सकाळी ओळीओळीनं फिरून हजेरी घ्यायची, कोण आहे, कोण पळालं, कोण आजारी, एवढंच माझं काम. आजाऱ्याच्या रकान्यात नाव गेलं की दुपारी गाडी यायची आणि तो माणूस माळाच्या टोकाला उभारलेल्या तट्ट्यांच्या दवाखान्यात जायचा. तिथून परत येणारे फार थोडे.

इकडची बोली मला धड कळत नव्हती. निम्मी माणसं घरात कानडी बोलायची आणि बाजारात मराठी. बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणायच्या, तेव्हा मला तोंड फिरवून हसू दाबावं लागायचं. पण भाषा शेवटी मराठीच, त्यात न कळण्यासारखं काय आहे, असं मला वाटे. हा माझा शहाणपणा पुढं एका माणसाच्या मुळावर आला.

पद्माक्का तिसऱ्या ओळीत राहायची. जैनाची विधवा बाई, माहेर चिकोडीकडचं, वय पन्नाशीच्या आसपास. उंच, हाडकुळी, पायात काही नाही, डोक्यावरचा पदर मात्र वाऱ्यातसुद्धा कधी ढळायचा नाही. मूलबाळ नव्हतं. मी हजेरीला निघालो की ती हटकून कुणाच्या तरी दारात उभी दिसायची, हातात शेणीचा, म्हणजे गोवरीचा, तुकडा. त्यावर एक निखारा ठेवून घ्यायची आणि फुंकर घालत आपल्या झोपडीकडं जायची. रोज! आज ह्या घरी, उद्या त्या घरी.

चूल विझू देणं हे त्या काळी बाईमाणसाला कमीपणाचं. संध्याकाळी निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि सकाळी उकरून पेटवायचे, हे परकरी पोरींनाही यायचं. जैनांकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, तेव्हा तिची चूल सगळ्यांच्या आधी मोकळी व्हायची हे खरं. पण त्यांच्यातल्या बाकीच्या बायका विस्तव राखायच्याच की. शेजारची कल्लव्वा मला म्हणाली होती, “लई चांगली बाई हो, पर चुलीचं कायबी कळत न्हाय तिला.” मीही मनातल्या मनात तिला अजागळ ठरवून मोकळा झालो होतो.

एके दिवशी मी नेहमीपेक्षा लौकर हजेरीला निघालो. पद्माक्काच्या झोपडीचं तट्टं अर्धवट उघडं होतं. आत ती चुलीपुढं उकिडवी बसली होती आणि चिमट्यानं रसरशीत निखारे एकेक करून बाहेर ओढून भुईवर दूर दूर पसरत होती. बघता बघता ते काळे पडले.

“आक्का, हे काय? चांगला विस्तव होता की!”

ती दचकली. मग पदर सारखा करत म्हणाली, “असू द्या हो. बोलू नका कुणाला.”

“पण का?”

“ह्यो घरात असला, तर मी उठून कुणाकडं जाऊ?”

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. तिनं ते ओळखलं असावं. बाहेर येऊन तिनं मला समोरची ओळ दाखवली. कोवळ्या उन्हात माणसं दारात बसली होती. कुणी गवताची काडी मोडत होतं, कुणी नुसतंच गावाकडं तोंड करून बसलं होतं.

“पोटाला हाय, वर छप्पर हाय. काम तेवढं न्हाय,” ती म्हणाली. “चार दीस बरं वाटतंय. मग माणूस म्हणतंय, जरा घर बघून येतो. कुलूप बघून येतो, मांजर बघून येतो. घरच्या वढीनं न्हवं ते, कारकूनसाहेब. हितं सकाळी उठलं काय आन न उठलं काय, कुणाचं कायबी आडत न्हाय, म्हून पळतंय. मी इस्तवाला येनार म्हटलं की एक घर तरी आधी उठतंय, चूल पेटवतंय.”

हे ती पुस्तकातनं शिकली नव्हती. आधीच्या एका प्लेगात तिचा नवरा असाच माळावरनं गावात गेला होता. अडकित्ता घरी राहिला, तो घेऊन येतो म्हणाला. तीन दिवसांनी त्याला गाठ आली. “आन अडकित्ता माझ्या गठुळ्यातच हुता,” पद्माक्का म्हणाली. “त्यास्नीबी ठावं असणार. सुपारी कातरून कातरून बोटं आंबली हुती त्यांची. दुसरं काय करनार?” तिच्या आवाजात रडं नव्हतं. मलाच कुठं बघावं कळेना.

तेव्हापासून मी तिच्याकडं नीट बघायला लागलो. ती नुसता विस्तव मागून थांबायची नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार करायची. “काय गं कल्लव्वा, कालचा इस्तू वाटंतच मेला. शेणी वल्या हुत्या काय तुझ्या?” कल्लव्वा फणफणायची आणि पुढच्या खेपेला असे निखारे द्यायची की शेणीचा तुकडाच पेट घ्यायचा. मग पद्माक्का पलीकडच्या ओळीत जाऊन त्या निखाऱ्यांची स्तुती करायची. झालं! महिनाभरात तिसऱ्या नि चौथ्या ओळीत विस्तवावरनं ईर्षा लागली. बायका आपापल्या शेण्या उन्हात उलटसुलट करत बसायच्या, पुरुष माळ तुडवून वाळकी काटकं गोळा करायचे. पद्माक्का अगदी गंभीर चेहऱ्यानं प्रत्येकाच्या विस्तवाला नावं ठेवत हिंडायची. ह्या दोन ओळींतनं गावात पळालेला माणूस मला हजेरीत तोवर एकदाही लिहावा लागला नव्हता.

तिला स्वतःला कंटाळा येत नाही का, असं मी एकदा विचारलं. ती हातातली जपमाळ बाजूला ठेवून हसली. “येतोय की! माळ वढतानाबी येतोय. आला की त्येला म्हणायचं, तू बस रं बाबा हितं पाटावर, मी जरा इस्तू घिऊन येतो.”

ज्याच्यासाठी हा खटाटोप सगळ्यांत जास्त चालला होता, तो माणूस म्हणजे तिच्याच ओळीतला रायाप्पा. तंबाखूच्या वखारीत काटा धरणारा, साठीचा, एकटा. त्याची बायको गेल्या वर्षी प्लेगातच गेली होती. दिवसभर गावाकडं तोंड करून बसायचा. हजेरीला नाव पुकारलं की मान हलवायची, तीही माझ्याकडं न बघता. “घरच्या कट्ट्यावर घटकाभर बसून येतो,” एवढं एकच वाक्य तो बोलायचा. बाकी घरं आळीपाळीनं असली तरी पद्माक्का रायाप्पाकडं दर दिवसाआड जायची. तिच्यासाठी तो चूल मांडायला शिकला. म्हातारपणी! एकदा मी ऐकलं, तो तिला रागानं म्हणत होता, “काल का आली न्हाईस गं? निखारं तसंच जळून गेलं माझं.”

ती म्हणाली, “चुकलं रं अण्णा. आता रोज येतो.” तिथनं परत येताना तिचा चेहरा असा फुलला होता की मी हजेरीपट तिथंच बंद केला. “आता ह्यो जात न्हाय बघा,” ती मला म्हणाली. “गाव साफ हुस्तवर ह्येला मी हितं बसवतो. एकाला घालवला, दुसरा घालवत न्हाय.”

आणि मग मी माझी अक्कल पाजळली.

त्या सकाळी पद्माक्का कुणाच्या दारात नव्हती. आपल्याच झोपडीपुढं गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती.

“काय आक्का, आज बसून?”

“काय न्हाय. आज लई बेजार आलंय बघा.”

आमच्या वाईकडं बेजार म्हणजे आजारी. मी चपापलो.

“कधीपासून?”

“परवापास्नं.”

“अंगात कसं वाटतंय?”

“अंगात जीवच न्हाय. पाय उचलंना.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. एवढी चांगली बाई, हिला लौकर औषध मिळावं, म्हणून मी तिथंच तिचं नाव आजाऱ्यांच्या रकान्यात लिहिलं, पुढं ‘बेजार, तीन दिवस’ असा शेरा मारला आणि शिपायाच्या हाती कागद ताबडतोब पाठवला. कर्तव्य केल्याचं समाधान घेऊन मी पुढच्या ओळीला गेलो.

दुपारी गाडी आली. मी दुसऱ्या टोकाला होतो. पद्माक्का म्हणाली म्हणे, मी आजारी न्हाय. पण दवाखान्याच्या भीतीनं प्रत्येक जण तेच म्हणायचा, गाठ आलेलासुद्धा. तिला चढवली. संध्याकाळी मी परतलो तर कल्लव्वा राहुटीपुढं वाट बघत उभी होती.

“कारकूनसाहेब, काय केलंसा ह्ये?”

“बेजार होती ना ती?”

“अहो, बेजार म्हंजे बेजार! कटाळा! कानडीत तसंच म्हणत्यात, आमीबी म्हणतो. दुखणं न्हवं त्ये!” तिनं कपाळावर हात मारला. “माणसाला कटाळासुदीक येऊ ने व्हय?”

मी तसाच धावत दवाखान्यावर गेलो. तिथला माणूस म्हणाला, एकदा आत आलेला दहा दिवस आत, नियम आहे. मी हातापाया पडलो, तो तरी काय करणार? तट्ट्याच्या फटीतनं पद्माक्का दिसली, कण्हणाऱ्या माणसांच्या पलीकडं, भिंतीला टेकून बसलेली. मी हाक मारली नाही. हिंमत झाली नाही, हेच खरं.

गाडीत चढताना तिनं कल्लव्वाला एकच निरोप सांगितला होता, “रायाप्पाकडनं रोज कुणीतरी इस्तू न्या.” कल्लव्वानं तो मला सांगितला. आता माझं डोकं बघा. आक्कानं सगळं उलगडून सांगितलेलं, तरी त्या घाईत ते मला आठवलंच नाही. मला वाटलं, ह्या लोकांची विस्तवाची अडचण झाली आहे. माझ्या सामानात घरनं आणलेलं काडेपेट्यांचं पुडकं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या ओळीत घरटी एक काडेपेटी वाटली. चूक केली होती ना, तिची भरपाई करत होतो! रायाप्पाच्या दारात गेलो तेव्हा त्यानं चूल पेटवलेली होती आणि तो वाटेकडं बघत होता. मी त्याच्या हातात पेटी ठेवली. म्हटलं, सगळ्यांना दिल्यात, आता विस्तवासाठी कुणाला दारोदार हिंडायला नको.

त्यानं पेटी उलटीपालटी करून बघितली. “बरं झालं,” तो म्हणाला. “आता कुणी यायला नको.”

मी ते आभार समजलो.

तिसऱ्या दिवशी त्याच्या झोपडीला तट्टं लावलेलं होतं. भल्या सकाळी गावाकडं गेला म्हणाले. दिवस मावळताना परत आला आणि आपल्या जागी बसला. चार दिवसांनी त्याला ताप भरला, काखेत गाठ आली. ह्या खेपेला कुठला शब्द समजून घ्यायची गरज नव्हती. गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहा दिवस भरल्यावर पद्माक्का चालत परत आली. तिला काही झालं नव्हतं. ती आपल्या झोपडीकडं गेलीच नाही, सरळ रायाप्पाच्या झोपडीत शिरली, चुलीपुढं बसली आणि राखेत हात घालून बघितला. मी दाराशी उभा होतो. म्हणालो, “आक्का, माझी चूक झाली.” आणि मला रडू फुटलं. बावीस वर्षांचा घोडा, पण हमसून हमसून रडलो.

ती हाताची राख झटकत म्हणाली, “दवाखान्यात मधी नुसता एक तट्ट्या हुता. माझा आवाज वळखला त्येनं. मी इचारलं, अण्णा, कशाला गेलतास रं? म्हणाला, तू आली न्हाईस. काडीपेटी आली. लई बेजार आलं, म्हून गेलतो.”

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. हजेरी घ्यायचो, पण पुढ्यात कोण उभं आहे हे दिसायचं नाही. शिपाई जेवणाचं ताट आणून ठेवायचा आणि तसंच घेऊन जायचा. राजीनामा लिहून ठेवला होता. दुपारी मी माळ उतरून गावाच्या पहिल्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायला लागलो. बंद दारं, ओस रस्ता. एकदा आत चार पावलं गेलोही. का, ते विचारू नका. मला वाटत होतं, मी असलो काय, नसलो काय. परत वळलो तर वर माळाच्या कडेला पद्माक्का उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहुटीच्या दाराशी खोकल्याचा आवाज आला. पद्माक्का शेणीचा तुकडा घेऊन उभी.

“कारकूनअण्णा, इस्तू हाय?”

आजवर मी कारकूनसाहेब होतो.

“माझ्याकडं चूल कुठली, आक्का? जेवण शिपाई आणतो.”

“मग मांडा. मी उद्या येतो.” आणि गेली.

मी तीन दगड आणले. शेण्या मागून आणल्या. काडेपेटी ओढायचा धीर होईना, म्हणून कल्लव्वाकडं गेलो. तिनं माझ्याकडं न बघता निखारा दिला. चूल पेटता पेटेना, धुरानं डोळे सुजले. दुसऱ्या दिवशी पद्माक्का आली, कसाबसा धुमसणारा एक निखारा घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “कालचा तुमचा वाटंतच इझला. वल्या शेण्या कुणी दिल्या तुमास्नी?”

मला असा संताप आला! त्या दिवशी मी सगळा माळ पालथा घातला, वाळकी बाभळीची काटकं तोडून आणली, शेण्या निवडून निवडून उन्हात मांडल्या. उन्हं कलली तेव्हा ध्यानात आलं की आज आपण गल्लीच्या तोंडाशी गेलोच नाही. जेवलोही होतो. कधी, तेही आठवेना. राजीनामा त्याच आठवड्यात चुलीत घातला.

ती रोज यायची. रायाप्पाचं नाव आमच्यात पुन्हा निघालं नाही. पण निखारा उचलताना कधी कधी तिचा चिमटा थांबायचा आणि ती चुलीकडं बघत राहायची.

गाव साफ झाल्याचा हुकूम आला. झोपड्या मोडल्या, गाड्या भरल्या, माळावर कुत्रीसुद्धा आनंदानं भुंकायला लागली. पद्माक्का हातात मातीचं खापर घेऊन आली.

“घरची चूल चार महिने थंडी पडलीया,” ती म्हणाली. “तुमच्याकडचा इस्तू न्यावा म्हणतो.”

मी चांगले टपोरे निखारे निवडून खापरात घातले, वर राख पसरली. इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं, “आक्का, तुम्ही मला माफ केलंत का?”

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “ते म्या कसं सांगू? ते रायाप्पानं सांगायचं.” आणि मग खापर उचलत, “पर तुमी जाऊ नगा कुठं. गाडी सुटली माझी, येतो.”

महिनाभरात माझी बदली बेळगावला झाली. तिची नि माझी पुन्हा गाठ पडली नाही. मला दिसते ती त्या दिवशीची. गाडीत सगळ्यांत मागं, गठुळ्यांवर बसलेली, मांडीवर खापर, त्यावर पदराचा आडोसा. बाकीच्या बायका माळाकडं बघून हात हलवत होत्या, कल्लव्वा तर मोठ्यानं रडत होती. मीही हात वर करून उभा होतो. पद्माक्का खाली वाकून फुंकर घालत होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही, मी दिलेला विस्तव वाटेत विझेल म्हणून.